रेंगाळणारी व्यक्ती

३ फेब्रुवारी
ठरलं. कॅमेऱ्यांची नोटीस मी लिहिणार नाही, असं उद्या साहेबांना स्पष्ट सांगायचं. गेल्या महिन्यात दोन घरफोड्या झाल्या, तेव्हापासून सगळं शहर दिवसाढवळ्या कड्या लावून बसलंय. पालिकेच्या प्रसिद्धी विभागात माझं काम लोकांना माहिती देण्याचं आहे, घाबरवण्याचं नाही. कॅमेरे कंपनीचे, ॲप कंपनीचं, नोटिशीचा मसुदाही कंपनीचाच. आमचा फक्त शिक्का.

४ फेब्रुवारी
साहेबांना सर्दी. अशा वेळी तत्त्वाचं बोलणं बरं दिसत नाही.

६ फेब्रुवारी
बोललो. म्हणजे सुरुवात केली. साहेब म्हणाले, पहिलं वर्ष फुकट आहे. मी विचारलं, दुसऱ्या वर्षाचं काय? म्हणाले, तोवर लोकच मागायला लागतील. शेजारी कंपनीचा टायवाला बसला होता. तुम्हाला जमणार नसेल तर मी लिहितो, असं तो फार नम्रपणे म्हणाला.
विचार केला. त्याने लिहिण्यापेक्षा मी लिहिलेली बरी. आत राहून सुधारणा करणं हाच जबाबदार मार्ग. घरी हिला हे समजावलं. ही म्हणाली, आत म्हणजे खुर्चीतच ना?

७ फेब्रुवारी
मसुद्यातलं वाक्य: ‘अनोळखी व्यक्ती दिसताच ॲपमधलं लाल बटण दाबा.’ वाचून अंगावर काटा आला. म्हणजे शहरात कोणी पाहुणा येऊच नये? दिवसभर शब्द शोधला. ‘संशयित’ नको, तो फारच पोलिसी. शेवटी सापडला. ‘रेंगाळणारी व्यक्ती.’ सौम्य. माणसावर नाही, कृतीवर बोट ठेवणारा. टायवाल्याने लगेच मान्य केला. कॅमेऱ्याला ओळखी-अनोळखी कळत नाही, थांबलेला माणूस मात्र बरोबर कळतो, म्हणाला.
एका शब्दापुरती का होईना, कंपनी नमली.

१२ फेब्रुवारी
खांबाखांबावर नोटीस लागली. बाबांनी कोपऱ्यावर उभं राहून पूर्ण वाचली. भाषा स्वच्छ आहे, कोणी लिहिली, असं विचारत होते. विभागाने, म्हटलं. उगाच मिरवायचं कशाला?

१५ फेब्रुवारी
बाबांना पकडलं.
संध्याकाळी फिरायला गेले होते. गुडघ्यामुळे दर कोपऱ्यावर भिंतीला हात टेकून थांबतात. कॅमेऱ्याने हेरलं, गल्लीतले सगळे फोन किंचाळले, कोणीतरी बटण दाबलं, गाडी आली. चौकीत बाकावर बसवून ठेवलं. माझा फोन सायलेंटवर होता. नोटिशीला प्रतिसाद कसा आहे, यावर मीटिंग चालू होती.
बटण समोरच्या काकूंनी दाबलं होतं. बाबांना वीस वर्षं ओळखतात. बाबांना सोडवून घरी आणलं आणि जाब विचारायला गेलो, तर शांतपणे म्हणाल्या, “तुमचेच बाबा, मला काय कळत नाही? पण नोटिशीत अनोळखी कुठे लिहिलंय? रेंगाळणारी लिहिलंय. ते रेंगाळत होते.”
वाक्यरचना बिनचूक होती.

१६ फेब्रुवारी
बाबांना खरं सांगायचं ठरवून चहाला बसलो. तेवढ्यात तेच म्हणाले, “चूक माझीच रे. नोटीस लिहिणाऱ्याने शब्द अगदी योग्य वापरलाय.”
मी साखर शोधत राहिलो. साखर माझ्यासमोरच होती. हिने डबा माझ्या हाताशी सरकवला.

१८ फेब्रुवारी
शब्द बदलावा, असं साहेबांना ठामपणे सुचवलं. ते म्हणाले, आता बदलला तर पालिका डगमगली असं दिसेल. लोक आणखी घाबरतील. टायवाल्याने तोडगा काढला. ज्येष्ठांसाठी मनगटात घालायचा पट्टा. पट्टा दिसला की कॅमेरा सोडून देतो. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना पहिलं वर्ष फुकट. नोटीस अर्थातच मी लिहायची. लिहिली. ‘पट्टा’ऐवजी ‘स्नेहबंध’ असा शब्द काढला.
घरी नेऊन बाबांना दाखवला. “पट्टा आहे हा,” ते म्हणाले. “पाळलेल्याच्या गळ्यात असतो तो.”

२० फेब्रुवारी
आज मुद्दाम बाबांबरोबर फिरायला गेलो. पट्टा न घालता. निषेध म्हणून. कॅमेऱ्याखाली दोघांनी निवांत उभं राहायचं, कोणी आलंच तर ही नोटीस माझी आहे म्हणून सांगायचं, असं पक्कं ठरवलं होतं.
कोपऱ्यावर बाबांचा गुडघा अडला. त्यांनी भिंतीला हात टेकला. वरचा कॅमेरा हळूच वळला. समोरच्या काकूंचा पडदा हलला.
मी म्हणालो, “चला बाबा, थांबू नका.”