उसन्या चपला

१२ जानेवारी, सोमवार

तक्रारदार: मी, वय छप्पन्न, विमा कचेरीत नोकरी, संस्कृत घेऊन बी.ए. (ज्याचा आजवर कुणालाही उपयोग झालेला नाही). आरोपी: धाकटी बहीण वसुधा ऊर्फ वसू (यापुढे व.), वय पन्नास, राहणार त्याच खोल्यांत, तिसरा मजला, गिरगाव. आरोप: तक्रारदाराच्या चपला सातत्याने पळवणे.

धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं, असं कॉलेजात शिकलो. आमच्याकडे दारात चपला दिसल्या नाहीत की वसूचं अनुमान करायचं. ती चौपाटीवर. तिच्या स्वतःच्या चपला कपाटाखाली सुखात. आज मी ऑफिसचे बूट चढवून दूध आणायला गेलो. वाणी म्हणाला, "लग्नाला काय?"

परत आल्यावर जाब विचारला. म्हणाली, "दादा, माझ्या घातल्या तर परत यायचं काय अडलंय? तुझ्या घातल्या की आणून द्याव्याच लागतात."

युक्तिवाद निर्दोष. तक्रार कायम.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी उठलो तेव्हा व. लाडू वळत होती. ऑफिसातून आलो तेव्हाही. सगळे डबे भरले, आता पातेली.

"झोपलीस कधी?"

"सूर्य वळतोय, दादा. असल्या दिवसांत कोण झोपतं?"

"गोळ्या घेतेस ना?"

"हो."

आमच्या घराण्यात नाही म्हणायची पद्धत नाही. वडिलांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही, आणि सांगितलेलं काम केलंही नाही. तेव्हा या 'हो'चं वजन किती ते मला कळायला हवं.

लाडू मात्र फार सुंदर. एकाच मापाचे, जपमाळेसारखे.

१७ जानेवारी, शनिवार

दुपारी पिंपातल्या पाण्याचे कवडसे छतावर हलत होते. व. खाली सतरंजीवर उताणी, डोळे उघडे. म्हणाली, "समुद्र वर आलाय."

मीही शेजारी आडवा झालो. खरंच आला होता. दोघं बराच वेळ तळाशी पडून. वरून उजेड हळूहळू सरकत होता. गॅलरीतून समोरच्या कांबळीवहिनींची कुणाला तरी मारलेली हाक, फार लांबून, होडीतून मारावी तशी. व. सांगत होती, चौपाटीसमोर सूर्य बुडतो तिथून त्याचा रथ उलटा फिरणार, त्याला रस्ता दाखवायला किनाऱ्यावर माणूस हवं. मला त्यात काही चूक दिसेना.

मग आठवलं, मागे समुद्र आला होता तेव्हा तिला महिनाभर रुग्णालयात राहावं लागलं होतं. उठलो. डॉक्टरांना फोन. गुरुवारची वेळ मिळाली. कॅलेंडरवर लिहिली.

२१ जानेवारी, बुधवार

गुरुवारपर्यंत निभलं नाही.

दुपारी ऑफिसात फोन. "पीएसआय गावडे बोलतेय. वसुधा तुमच्या कोण?"

टॅक्सी. 

झालं ते असं. व. तिळगुळाचा डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. शाळा सुटलेली. मुलांच्या हातावर एकेक लाडू. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देतात, त्याला ओळख लागत नाही, आम्ही लहानपणी अख्खी खोताची वाडी पालथी घालायचो. पण हल्ली मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या बाईचा कसलासा मेसेज फिरतोय. कुणीतरी ओरडलं, लाडवात काय घातलंय बघा. गर्दी. एकानं दंड धरला, एकानं डबा उडवला. गावडे मॅडम घुसल्या, व.ला आपल्या पाठीशी घेतलं, जीपमध्ये बसवलं.

पोहोचलो तेव्हा ती बाकावर. केस सुटलेले. पायात माझ्या चपला, एकीचा अंगठा तुटलेला.

हवालदार कदम म्हणत होते, "मॅडम, पब्लिक तापलीय. आज आत बसवू, सकाळी बघू."

"आत म्हणजे कुठं, कदम?"

कदमांनी कोठडीकडे मान वळवली.

"कोठडीत नाही बसवता येत. यांनी गुन्हा केलेला नाही. संरक्षणासाठी आणलंय आपण. चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात दाखवायचं."

मग बाजूला जाऊन त्यांनी कुणा वरिष्ठांना फोन लावला आणि हेच पुन्हा विचारून घेतलं. खात्री करून घेणारी माणसं मला आवडतात.

परत येऊन व.च्या शेजारी बाकावर बसल्या. "ताई, तुम्हाला इथं का आणलं ते सांगते. तुम्हाला बरं नाहीये, असं मला वाटतं. आणि तिथं लोकांनी तुम्हाला मारलं असतं. आता डॉक्टरांकडे जायचंय."

"हे सांगावं लागतं तुम्हाला?"

"हो. कायद्यानंच."

"दादाला तो कायदा लागत नाही का? तो परस्पर कॅलेंडरवर लिहितो."

मी वाकून चपलेचा तुटका अंगठा बघू लागलो.

व.नं पदराच्या गाठीतून एक लाडू काढला. उरलेला एकटाच. "घ्या. यात काही नाहीये." मॅडमनी खाल्ला. अर्धा. उरलेल्या अर्ध्याकडे कदम बघत होते, तो त्यांना गेला.

रुग्णालयात तरुण डॉक्टरीणबाई. व.शी बराच वेळ बोलल्या, मला बाहेर काढून. दाखल करायची गरज नाही, औषध आजपासून पुन्हा, दर आठवड्याला यायचं. घरी नेऊन सोडायचं कामही पोलिसांचंच, म्हणून जीपनंच परत. चाळीच्या सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. व. उतरली, मान खाली. तीन मजले तशीच चढली.

२२ जानेवारी, गुरुवार

रजा. कांबळीवहिनी (माहेर मालवण) पेज घेऊन आल्या. हळूच, "भाऊ, तुम्ही कचेरीत, ती एकटी. भायरून कुलूप घाला. मी आसय ना, खिडकीतून जेवण देईन. बऱ्यासाठीच सांगतंय."

हो म्हटलं. कुलूप आणलं. पितळी, जड. बाहेरच्या कडीला अडकवून ठेवलं. रजा संपली की लावायचं.

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी

व.नं पाटावर रथ काढला. औषधानं हात जड, एक घोडा गाढवासारखा आला. मी म्हटलं, गाढवाला चारा कमी लागतो. किंचित हसली. गॅलरीत शेगडीवर दूध ठेवलं, उतू जाईपर्यंत दोघं बघत बसलो. ऊन भांड्यात उतरलेलं. पूर्वेकडे गेलं दूध, म्हणजे शुभ. तिला बरं वाटलं.

तेवढ्यात गावडे मॅडम. साध्या साडीत, सुट्टीचा दिवस. "सहज आले." व. आत खीर वाढायला गेली तशी त्यांनी कडीकडे बोट केलं.

"हे काय?"

"खबरदारी."

"काढा. आत्ता."

"प्रेमानं लावलंय हो."

"सगळे प्रेमानंच लावतात." आवाज चढला नाही. "रस्त्यात धोक्यात सापडल्या तर त्यांना सांभाळणं माझं काम. घरात कोंडलेल्या सापडल्या तर मॅजिस्ट्रेटना कळवणं, तेही माझंच काम. त्यात नाव तुमचं लिहावं लागेल. मला नाही लिहायचं."

काढलं. वहिनींना त्यांच्या ट्रंकेसाठी देऊन टाकलं. त्यांना काय झालं ते कळलं नाही, कुलूप आवडलं.

जाताना जिन्यावर मॅडम म्हणाल्या, "त्या दिवशी मी शेजारच्याच गल्लीत होते म्हणून पोचले. पुढच्या वेळी चपला दारात दिसल्या नाहीत आणि लक्षण बरं वाटलं नाही, तर लगेच मला फोन. गर्दीच्या आधी पोचायला पाहिजे मला. शब्द द्या."

दिला.

२८ जानेवारी, बुधवार

जेवताना व. म्हणाली, "दादा, एक कबूल कर. पोलिसांना पुन्हा बोलवायचं नाही."

"अगं, त्यांनी वाचवलं तुला."

"वाचवलं. बाई चांगली आहे, लाडू खाल्ला तिनं. पण मी जीपमधून उतरले ना, तेव्हापासून मी जिन्यात आले की बायका मुलांना आत बोलावतात. ती कांबळीवहिनींची नात, माझ्या मांडीवर वाढली. तिलासुद्धा." भात कालवत राहिली. "गर्दीतला मार विसरता येईल मला. हे नाही येत."

"बरं."

"बरं नको. हो म्हण."

हो म्हटलं.

वडिलांची आठवण झाली.

८ फेब्रुवारी, रविवार

व. झोपते. वेळेवर जेवते. गोळ्या माझ्यासमोर घेते, जीभ काढून दाखवते, टोमणा म्हणून. डॉ. बाई खूश.

दुपारी छतावर कवडसे हलत होते. "बघ, आलाय," मी म्हटलं. तिनं वर पाहिलं. "पिंप भरलंय, दादा." आणि कूस बदलली. मी एकटाच तळाशी पडून. बरी झालेली बहीण शेजारी घोरत होती, याहून अधिक काय हवं माणसाला. तरी पडून राहिलो.

१५ फेब्रुवारी, रविवार

व.नं स्वतः ठाकूरद्वारला जाऊन नव्या चपला आणल्या. मऊ पट्टा, तिच्या मापाच्या. मला घालून दाखवल्या. वहिनी दारातूनच, "बघा, माणसात इली." नात आज आमच्या उंबऱ्यापर्यंत आली. आत आली नाही, पण आली.

माझ्या चपला दुरुस्त होऊन रोज दारात असतात. तेव्हा १२ जानेवारीची तक्रार निकालात काढावी, म्हणून वही घेतली.

व. आत्ता चौपाटीवर गेलीय. नव्या चपला घालून. येते म्हणाली. ऊन कलतंय, गॅलरीत सगळं पिवळं, पाण्याखालचं असावं तसं. लक्षण काही वाईट नाही. फोन करण्यासारखं काही झालेलं नाही, हेही कळतं.

पण या चपला तिला कुणाला आणून द्यायच्या नाहीत. कुलूप नाही. आणि मी दोघींना हो म्हणून बसलोय.

पुन्हा समुद्र वर येईल, त्या दिवशी मी फोन केला तर ती माझी राहणार नाही. नाही केला तर कदाचित राहणारच नाही. मी काय करीन, ते मला माहीत नाही. मला भीती वाटते.