धुक्याची कोरी जागा

दुसऱ्या महिन्याची पाचवी
पोचलो एकदाचा! ह्वा पर्वताच्या पायथ्याशी चित्रकार न्ये गुरुजींचं घर. त्यांना शाई उगाळायला माणूस हवा होता, मला छप्पर. वाटेत एका अस्वलवाल्याच्या मागे लागून दोन दिवस गेले, ते सोडा. स्वयंपाक शी नावाच्या काकूंकडे. मला वरून खाली न्याहाळत म्हणाल्या, पायाला भिंगरी नि पोटाला भोक, तिसऱ्या दिवशी पळशील बघ. मग मिरचीच्या तेलातल्या रुंद शेवया वाढल्या. दोनदा. नाही पळणार.

आठवी
भिंतीवर पर्वताचं उभं चित्र आहे, माणसाहून उंच. वर शिखर, खाली पायथा, मधला कागद कोराच. मी म्हटलं, एवढं राहिलंय वाटतं. गुरुजी खो खो हसले. धुकं आहे ते गाढवा, म्हणाले. धुकं काढायचं नसतं, सोडायचं असतं.
धुक्याच्या वर, पायवाटेवर मुंगीएवढी बाई आहे. काल ती झाडाशी होती. आज झाडाच्या खाली.

बारावी
काकूंना विचारलं. बाहीने डोळे टिपत सांगितलं. सात वर्षांपूर्वी गुरुजींची लेक रुइयुन आजारी आईसाठी नवस बोलायला पर्वतावर गेली. धुकं उतरलं, पोर परतली नाही. पुढे आईही गेली. गुरुजींनी चित्रात नुसता पर्वत काढला होता. ती आपली आपण आली. रोज राळ्याच्या दाण्याएवढी खाली उतरते. धुक्यातून बाहेर पडली की घरी येईलच, असं काकूंनी ठासून सांगितलं आणि आम्हा तिघांत चौथा वाडगा मांडला. मी घाबरलो. पण गेलो नाही.

सतरावी
ती धुक्यात शिरली. दिसत नाही. गुरुजी चित्रासमोरून हलत नाहीत. लेकीला धाप लागलीय म्हणतात. मलाही ऐकू आली. कागदातून.

एकोणिसावी
दुपारी गुरुजींचा डोळा लागला होता. ती हाका मारत होती. बाबा, पायाखालचं दिसत नाही. मला राहवलं नाही. कुंचला घेतला, तिच्यासाठी पायऱ्या काढल्या. चारच. शाई पातळ, कागद कच्चा — पसरत गेली. टिपायला गेलो तर आणखी. कोऱ्या जागेत काळा कडा उभा राहिला. या कागदावरची शाई पुसता येत नाही.

विसावी
गुरुजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. चांगल्या मनाने केलंस पोरा, म्हणाले. कड्यावर तळहात ठेवून बसलेत. आतून कुणीतरी थापटतंय.

एकविसावी
गुरुजी घरात नाहीत. चित्रात, कड्याखाली एक म्हातारा. मुंगीएवढा. दगडाला कान लावून. काकू म्हणतात, आता तरी पळ रे.

तेविसावी
दोन्हीकडून थापा. वरची मंदावत चाललीय. ती विचारते, बाबा, इथे वाट होती ना — त्यांना ऐकू जात नाही. मला जातं.
म्हाताऱ्याशेजारी एक माणूस काढतोय. हातात घण. चेहरा माझाच उमटतो, दुसरा जमत नाही. घण झाला. पाय काढतोय, आणि इथे तळव्यांखाली ओला दगड, गार — काकू हाका मारताहेत, लांबून — गुरुजी, सरका जरा, मी—