मधले मेसेज

आई, आज मी ऑफिसात भांडले. एवढ्या मोठ्यानं, की तुला ऐकू गेलं नसतं तरी माझ्या तोंडाकडं बघून सगळं कळलं असतं. एका दवाखान्यासाठी आम्ही मोबाइल ॲप करतोय. पेशंटची पाळी आली की त्याच्या फोनवर त्या क्षणी मेसेज येतो, फोन थरथरतो. हे काम मी मागून घेतलं होतं. का, ते तिथं कुणाला ठाऊक नाही.

तू मंगळवार पेठेतनं एकटीच चालत सरकारी दवाखान्यात गेलतीस तो दिवस. शाळा सुटल्यावर मी तिथं येते तर बाकडी रिकामी, डॉक्टर घरी गेलेले आणि तू केसपेपर धरून दाराकडं बघत बसलेली. शिपाई माझ्यावरच खेकसतो, "कितींदा नाव पुकारलं की! कानात बोळं घातल्यात काय हिनं?" मी म्हणते, "तिला ऐकू येत न्हाय." "मग आधी सांगायचं न्हाय व्हय?" कुणी सांगायचं, आई? तुला बोलता येत नव्हतं, आणि तुला विचारलं कुणीच नव्हतं.

काल ॲपची चाचणी घ्यायला गेले, तर शाहूवाडीकडची एक आजी बसलेली, ठार बहिरी, फोन मांडीवर. मधेच रेंज गेली, परत आली, आणि तेवढ्यात तिची पाळी निघून गेली. फोन गप्पच. मेसेज पोचवायला आम्ही जी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, वापरतो, ती तुटलेलं कनेक्शन आपणहून जोडते. रेंज नसतानाचे मधले मेसेज मात्र आपण मागितले तरच आणून देते. लायब्ररीच्या सूचनांत तसं स्वच्छ लिहिलंय. आमच्या ॲपनं ते मागितलेच नव्हते. आजीचा हात धरून मीच तिला आत नेलं.

आज साहेबांना हे सांगितलं, तर म्हणतात, "अगं, एखादा मेसेज चुकला तर काउंटरवरनं हाक मारतील की! उद्या ॲप द्यायचंय आपल्याला."

हाक! माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. "हाक ऐकू येत असती तर तिला ह्या ॲपची गरजच काय होती, सर? हे दुरुस्त झाल्याशिवाय मी ते बाहेर जाऊ देणार न्हाय." सगळे माना वळवून बघायला लागले. साहेब म्हणाले, "कर." संध्याकाळपर्यंत केलं. फोनचं नेट बंद करून चालू केलं, आणि मधला मेसेज आला. फोन हातात थरथरला. तरी राग उतरला नाही.

आता तू नाहीस, हे कुठं धाडायचं नाही, कळतंय मला. घरी आल्यावर तुला हातांनीच सांगायला लागले होते, स्वयंपाकघरात, एकटीच. पण 'चीड आली' म्हणायची तुझी खूण काही केल्या आठवेना. म्हणून लिहिलं.