चार ओळी, एक श्वास

जयनगर, इस्पितळातून
सोमवार, १२ जानेवारी २०२६

तीर्थरूप सकवारअक्काच्या पायांशी, धाकट्या रघुजीचा पडल्या पडल्या सा. न. (वाकायला मनाई आहे, मनातला नमस्कार पुरा समजावा.) वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर दम लागतो. म्हणून सौम्या हा कागद डब्याच्या पिशवीतून तुझ्याकडे बसवनगुडीला पोचवील. बिचारी सून म्हणून आली, आता आपलं टपालखातं झाली आहे.

हृदयाचं ऑपरेशन नीट झालं, टाकेही कोरडे आहेत. तरी मला सोडत नाहीत. का, ते डॉक्टरांनी काल समजावलं. रक्तात आम्ल आणि अल्क यांचा एक काटा असतो, चिकपेटच्या दुकानात मी जन्मभर रेशीम तोललं त्या काट्यासारखाच नाजूक. ऑपरेशनमध्ये हृदय थांबवून रक्त यंत्रावर फिरवलं, तेव्हा तो आम्लाकडे कलला होता. औषधं देऊन सरळ केला. पण आता रोज सकाळी मनगटाच्या धमनीतून रक्त घेतात आणि रोज काटा पुन्हा कललेला. श्वासावाटे जो वायू बाहेर पडायला हवा तो आतच साठतो आहे, असं त्यांचं म्हणणं. बोटाला लावलेला चिमटा सगळं ठीक सांगतो, रक्त मात्र ऐकत नाही.

म्हणून रात्री नाकातोंडावर मुखवटा आवळतात. तो आपल्या तालात हवा ढकलतो. मी मनात एखादी शाळेतली कविता धरली, की दुसऱ्याच शब्दाला हा मध्ये फुंकर घालतो. मी त्याच्यामागून जायचं, तो माझ्यामागून येत नाही. खिडकी आहे, पण समोर भिंत. भिंतीला एक पाइप. त्यावर कावळाही बसत नाही.

अहल्या तुला रविवारी बेळगावला कायमची नेणार, हे सौम्याने सांगितलं. तुझी लेक तुला नेणार त्याला मी कोण आड येणार? पण त्याआधी तुला एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. डॉक्टरांना तसं बोललो, तर ते म्हणाले, काटा सरळ होऊ दे अज्जा, मग कुठेही जा.

लोभ आहेच. तो इथल्या सारासारखा पातळ होऊ देऊ नये.

तुझा
रघुजी


बसवनगुडी
मंगळवार, १३ जानेवारी

चि. रघुजीस, अक्काचे वॉकर धरून उभ्याउभ्याने अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर मुंग्या चालल्यासारखं आहे, पण ते तुझं आधीपासूनच तसं होतं, त्यात ऑपरेशनचा दोष नाही.

इकडे अहल्याने खोकी मांडली आहेत. प्रत्येक वस्तू उचलून मला दाखवते, आई हे हवं का. मी नको म्हटलं तर बाजूला ठेवते, हवं म्हटलं तर हसते. कंबर मोडली म्हणजे माणसाला एकटं राहता येत नाही, हे मला पटतं. पण बेळगाव चालेल का, हे कुणी विचारलं नाही. दोन पावलांवर दार आहे आणि उंबरा ओलांडायला माणूस लागतो. तेव्हा तुझा पाइप आणि माझा उंबरा सारखेच समज.

एक सांग. तू सुईला जन्माचा भित्रा. दंड दाबून धरायला दोन माणसं लागायची. मग रोज सकाळी मनगटात सुई कशी घेऊन घेतोस? ओरडतोस का? सौम्याला लाज आणू नको.

उद्याच्या संक्रांतीचं तीळ-गूळ-खोबऱ्याचं एळ्ळुबेल्ल पाठवते आहे. तुला चालत नसेल तर नर्सबाईंना दे आणि वास तेवढा घे.

माया आहे तशीच आहे, ती खोक्यात भरलेली नाही.

तुझी
अक्का


जयनगर, इस्पितळातून
बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

तीर्थरूप अक्काच्या पायांशी रघुजीचा, आज उशीला टेकून बसून, सा. न. वि. वि.

तिळातला एक दाणा गंगव्वा सिस्टरने जिभेवर ठेवू दिला, स्वल्पच, म्हणाली. हुबळीकडची आहे. खोबऱ्याचे काप तिनेच संपवले.

आज पुन्हा काटा कललेला. डॉक्टरांनी तक्ता दोनदा बघितला. असंच राहिलं तर सोमवारपर्यंत तरी हलायचं नाही, म्हणाले. सोमवारपर्यंत, अक्का. मी भिंतीकडे तोंड केलं.

तू सुईचं विचारलंस. आता मी ओरडत नाही, उलट गंगव्वा म्हणते, या वॉर्डात अज्जाएवढं शांत कोणी नाही. युक्ती तुझीच. तिने मनगटावर गार कापूस फिरवला, की मी छातीभर श्वास घेतो, डोळे मिटतो आणि आपल्या मास्तरांनी स्वतः रचलेली ती होडीची कविता मनात सुरू करतो.

नदीच्या तिरीं एक होडी उभी रे
उगा बांधिली, सोड दोरी तिची रे

चारी ओळी, सावकाश, एका श्वासात. मध्ये सुई जाते, टोचते, फिरते. पण मी तेव्हा फळीच्या बाकावर तुझ्या शेजारी असतो, खिडकीतून गुलमोहर दिसत असतो आणि मास्तर टेबलावर बोटांनी ठेका धरत असतात. चौथी ओळ संपते तेव्हा सुई बाहेर आलेली असते. मग सोडतो श्वास. दिवसभरात तेवढाच वेळ मी इथे नसतो.

रविवारचं काही पुढे ढकलता येईल का, अहल्याला विचारून बघ. माझं नाव सांगू नको.

लोभाची दोरी तेवढी बांधलेलीच राहू दे.

तुझा
रघुजी


बसवनगुडी
गुरुवार, १५ जानेवारी

चि. रघुजीस आशीर्वाद, आणि कान धरायला हात पोचत नाही म्हणून तोही आशीर्वादातच.

अरे खुळ्या, शाळेत लस टोचायला आले होते ते आठवतं का? तू रडायला लागलास, म्हणून मीच सांगितलं, होडीची कविता मनात म्हण, एका श्वासात पुरी केलीस तर माझी पेन्सिल तुला. तू ती इतकी सावकाश म्हटलीस की ओठ निळे पडले. मास्तरांना वाटलं लस बाधली. पाणी मारलं, पंखा घातला, तुला घरी पाठवलं. खरं काय ते मी एकटीच जाणत होते आणि मार बसेल म्हणून बोलले नाही.

आता तूच लिहितोस, श्वासावाटे वायू बाहेर पडायला हवा, तो आत साठतो. आणि तूच लिहितोस, रक्त घेताना चार ओळी होईतो श्वास धरून ठेवतो. मी डॉक्टर नाही. पण दार लावून घ्यायचं आणि घरात धूर का म्हणून विचारायचं, असं नाही का हे? बाकी दिवसभर तुझा चिमटा ठीक सांगतो, आणि बिघडतं ते बरोबर सुईच्या वेळी.

हे पत्र डॉक्टरांना दाखव. त्यांना मराठी येत नसेल तर सौम्या कन्नडात सांगेल. आणि उद्या कविता म्हणू नको. दुखेल ते दुखू दे.

रविवार पुढे जात नाही. घराची किल्ली त्याच दिवशी द्यायची आहे. गाडी सकाळी निघेल.

माया आहे, म्हणून रागावते.

तुझी
अक्का


जयनगर, घरातून
शनिवार, १७ जानेवारी

तीर्थरूप अक्काच्या पायांशी रघुजीचा, स्वतःच्या खाटेवरून, सा. न. वि. वि.

काल सकाळी सौम्याने तुझं पत्र कन्नडात सांगितलं तसे डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. मग स्टूल ओढून शेजारी बसले. गंगव्वाने कापूस फिरवला, मी सवयीने छाती भरली, आणि त्यांनी खांद्यावर हात ठेवला. उसिरु बिडी अज्जा, श्वास सोडा. सोडला. कविता नाही, गुलमोहर नाही, नुसतं मनगट आणि सुई. इतकं दुखतं हे मला माहीतच नव्हतं. मी अक्का म्हणून ओरडलो. गंगव्वाला वाटलं तिलाच हाक मारली, तिने ओ दिली.

काटा सरळ निघाला. डॉक्टर म्हणाले, यात आमचंही चुकलं, तुमच्या तोंडाकडे कुणी बघितलंच नाही. रात्री मुखवटा नाही, आज सकाळी पुन्हा रक्त पाहिलं, तेही ठीक, आणि दुपारी घरी.

पण आता इथून खाली उतरायचं नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही; इस्पितळाच्या माणसांनी रुग्णवाहिकेतून आणून स्ट्रेचरवरून वर चढवलं. जिना पंधरा दिवस बंद, गाडीत बसणं बंद, मोठ्याने बोलणं बंद, छातीचं हाड जुळतं आहे. एका कोंडीतून सुटून दुसरीत आलो. तुला वर चढवत नाही. तेव्हा गाडी आमच्या दारावरून न्यायला सांग. मी गॅलरीत जाळीपाशी बसेन.

भेट होईतो लोभ उभा राहू दे.

तुझा
रघुजी


जयनगर
मंगळवार, २० जानेवारी

तीर्थरूप अक्काच्या पायांशी, बेळगावच्या पत्त्यावर, रघुजीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं अहल्याने कळवलं. तरी माझं लिहायचं राहिलं आहे.

तू गाडीची काच खाली केलीस आणि वर पाहिलंस. जाळीतून मला तुझं कपाळ आणि पांढरा अंबाडा दिसला. मला ओरडता येत नाही, तुला ऐकू येत नाही. अहल्या घड्याळ बघत होती. मग तुझे ओठ हलले, आणि मला कळलं, होडी. मीही सुरू केलं, आवाज न काढता.

पहिल्या ओळीच्या शेवटी तू थांबलीस. खांदे वर झाले, खाली आले. श्वास घेतलास. मास्तर बोटांनी थांबायला सांगायचे तिथे, बरोबर तिथे. जन्मभर आपण ती जागा ओलांडून पुढे पळालो, अक्का. मीही घेतला. दुसऱ्या ओळीला पुन्हा. तिसऱ्या ओळीत गाडी सुरू झाली, तुझं तोंड खांबाआड गेलं, मग झाड, मग वळण.

चौथी ओळ मी रिकाम्या रस्त्याकडे बघून म्हटली. आधी श्वास घेतला, पुरा. छाती दुखली.

तू गाडीत म्हटलीस का ती, एवढं लिही. आणि त्याआधी थांबली होतीस का, तेही.

लोभ असावा. आता त्याला लांबून यायचं आहे, वाटेत दम घेऊ दे त्याला.

तुझा
रघुजी