तिसऱ्या रांगेतलं विणकाम

हाउकिरांता,
रविवार, १ नोव्हेंबर २००९

प्रिय इल्का,

तू, विब्के आणि मुली खुशाल असाल. मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण आता त्याची तक्रार करायचाही कंटाळा आलाय. तळं अजून गोठलेलं नाही. सकाळी आठनंतर उजाडल्यासारखं होतं आणि चार वाजता परत दिवा लावावा लागतो.

काल संतांचा दिवस होता. हेल्वीआत्याबरोबर जाऊन बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावून आले. वारा फार होता. तीन काड्या फुकट गेल्यावर आत्याने कोट पसरून आडोसा धरला आणि म्हणाली, "उन्तोचं जिवंतपणीही असंच होतं, चार वेळा विझल्याशिवाय पेटायचा नाही." आम्ही दोघी हसलो. मग दोघींना थंडी वाजली आणि घरी आलो.

संगीतगृहाला चाळीस वर्षं झाली म्हणून यंदा दर महिन्याला बाहेरचे कलावंत येतायत. सप्टेंबरात एस्टोनियाचा गायकवृंद आला होता, गेल्या महिन्यात लिथुएनियाहून तिघं आले. दोन्ही वेळा मी गेले. आता माझ्या जागी कोट सांभाळायला तिथे दोन मुली आहेत, फार भराभर कोट घेतात, पण ओले आणि कोरडे एकाच दांडीवर लटकवतात. मी काही बोलले नाही. बाहेरच्या भिंतीवर मोठा कागद लावलाय, त्यावर महिन्यावार पाहुण्यांची नावं आहेत. फेब्रुवारीसमोर जागा कोरी आहे.

ती जागा कशासाठी ठेवलीय ते तुला माहीत आहे. मारितबाईंनी गुरुवारी फोन केला होता. त्या अजून संचालिका आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. तुमच्या पाच वादकांच्या गटाला ब्रेमेनला दोन पत्रं पाठवली म्हणाल्या. बाकीचे चौघे तयार आहेत, तुझं उत्तर नाही. पुढच्या शुक्रवारी कार्यक्रमपत्रिका छापायला जाते. "तुमचं ऐकेल तो," असं म्हणाल्या. मी म्हटलं, लिहून बघते.

तर लिहिते आहे. यावंस असं मला वाटतं. वाद्यं फुंकणाऱ्यांना तो हॉल चांगला आहे, तुला ठाऊकच आहे. राहायला घर आहे. वेलचीचा पाव करीन, मुलींना आणलंस तर जास्त करीन.

बाबा तेव्हा रागावून जे बोलले, ते आता जुनं झालं. माणूस गेलं की त्याचं बोलणंही

सोमवार, सकाळ

काल त्या वाक्यापाशी थांबले. आज चहा घेऊन पुन्हा वाचलं. वर लिहिलंय तेवढं पाकिटात घालून पाठवलं असतं तर तुला वाटलं असतं, आई समजूत घालतेय. मग तू दोन ओळींचं सभ्य उत्तर पाठवलं असतंस. सहा वर्षं आपलं असंच चाललंय. नाताळचं कार्ड, खाली चौघांची सही.

माझं शिक्षण सहावीपर्यंतचं. जे काही वाचलं ते कोटांच्या खोलीत बसून, आत मैफल चालू असताना. वाचणाऱ्याला एक खोड लागते. पुस्तकातलं माणूस काहीतरी टाळत असलं की लगेच कळतं. कालची पानं वाचताना मला ते कळलं, आणि ते माणूस मीच होते.

तर जसं झालं तसं लिहिते.

बाबांना वरचे सूर ऐकू येईनासे झाले ते २००० सालच्या हिवाळ्यात. एका संध्याकाळी ते हॉलमध्ये पियानो लावत होते आणि मी डबा द्यायला गेले होते. वरच्या एका सुराला तीन तारा असतात. त्यातली एक जरी केसभर इकडेतिकडे असली तर आवाजात लाट येते, वा-वा-वा अशी. तिन्ही जुळल्या की लाट थांबते. हे मला बाबांशी लग्न करून कळलं नव्हतं, ग्रंथालयातलं एक जाडं पुस्तक तीनदा मुदत वाढवून वाचलं तेव्हा कळलं होतं. त्या दिवशी बाबांनी एक सूर लावून किल्ली पुढच्या खुंटीवर ठेवली, आणि मला लाट ऐकू येत होती. मी सहज म्हटलं, हा अजून डोलतोय. ते थांबले. मागे जाऊन तो पुन्हा लावला. 

पुढच्या खेपेला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. रिकाम्या हॉलमध्ये एकट्याला गार वाटतं."

मी विणकाम घेऊन तिसऱ्या रांगेत बसायला लागले. ते खालचे आणि मधले सूर स्वतः लावायचे, ते त्यांचे शेवटपर्यंत अचूक होते. वरच्या दीड सप्तकाला आले की माझ्याकडे बघायचे. लाट चालू असेतोवर मी सुया हलवत राहायची. लाट थांबली की सुया थांबवायची. ते मान न हलवता पुढच्या सुराकडे जायचे. तीन वर्षं आम्ही हे केलं. त्याबद्दल आमच्यात एक शब्द झाला नाही, घरी नाही, हॉलमध्येही नाही. त्या तीन वर्षांत मी नऊ स्वेटर विणले. तुझा निळा त्यातलाच. त्याचे टाके जागोजागी ताठ आहेत, ते त्यामुळे.

मला ते आवडायचं, इल्का. इतकी वर्षं संसार केला, पण त्यांना माझी गरज आहे असं मला त्या तिसऱ्या रांगेतच वाटलं.

सोमवार, दुपार

बाजारात जाऊन आले. पुढे लिहिते, नाहीतर राहून जाईल.

२००३ चा ऑक्टोबर. आमच्या ऑर्केस्ट्राचा ओबोवाला आजारी पडला म्हणून तुला पाहुणा म्हणून बोलावलं होतं, आणि प्रागचा तो पियानोवादकही पाहुणा होता. पियानोची मैफल असली की ओबो जुळवणीचा 'आ' स्वतः देत नाही, पियानोवरून घेतो आणि मग सगळ्यांना देतो. बाबांनी गावभर सांगितलं होतं, माझा मुलगा माझ्याकडून सूर घेणार. मासळीवाल्यालाही सांगितलं. त्या माणसाने विचारलं म्हणे, किती किलो.

तू आलास त्या रात्री जेवताना म्हणालास, "बाबा, कान दाखवून घ्या एकदा." चांगल्या मनाने म्हणालास. त्यांनी बटाटे पुढे सरकवले आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी ते चाचणीपुरता पियानो बघायला गेले, मी नेहमीसारखी बरोबर होते. मारितबाई तेव्हा नव्या होत्या. दोन रंगमंच-कामगार खुर्च्या मांडत होते. बाईंनी हसून विचारलं, तुमच्या मिसेस नेहमी येतात का? बाबा म्हणाले, "ही? ही फुकटच्या उबेला येते. हिच्या कानाला फक्त ओले बूट कळतात."

कामगार हसले. मीही हसले. घरी येताना आम्ही दुकानात थांबून दूध घेतलं.

त्यांना भीती वाटली होती म्हणून ते तसं बोलले, हे मला आज कळतं. बाईंना संशय येईल असं त्यांना वाटलं. तेव्हाही कळायला हवं होतं. पण माझ्या मनात ते बूट रुतून बसले.

मैफलीच्या दिवशी सकाळी मी म्हटलं, गुडघा दुखतोय, आज येत नाही. ते दारात टोपी हातात धरून उभे राहिले, जरा जास्तच वेळ. "बरं," म्हणाले आणि गेले. गुडघा तेव्हा दुखत नव्हता.

त्या सकाळच्या तालमीत काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तू तिथे बसला होतास. प्रागच्या पाहुण्याने मध्येच हात उचलले आणि वरच्या सुरांवर एकेक बोट ठेवून सगळ्या ऑर्केस्ट्राला ऐकवलं.

दुपारी मी कोटांच्या खोलीत आकड्यांवर नंबर अडकवत होते. मारितबाई आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "ईर्याबाई, खरं सांगा. उन्तोंना ऐकू येतं ना?"

मी म्हटलं, "वरचं नाही. तीन वर्षं झाली."

एवढंच. पण मी ते सत्यासाठी सांगितलं नाही. ते बूट माझ्या मनात होते, म्हणून सांगितलं. बाईंनी माझा हात दाबला, कुणी सांगितलं ते कुठे बोलणार नाही म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांनी पाळला. सगळा घोटाळा तो शब्द पाळण्यातूनच झाला.

मंगळवार

तू ब्रेमेनला परत गेलास आणि त्यानंतर आठवड्याने हॉलचं पत्र आलं. चौतीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार, सोबत फुलं. बाबांनी पत्र टेबलावर पालथं ठेवलं. मी कॉफी करत होते.

"इल्काच गेला ना मारितकडे?" त्यांनी विचारलं.

किटली माझ्या हातात होती. मी त्यांच्या कपात कॉफी ओतली. मग माझ्या कपात. मग किटली जागेवर ठेवली.

आपल्याकडे नाही म्हणायचं असलं तर माणूस नाही म्हणतो, आणि हो असलं तर गप्प बसतो. तू याच घरात वाढलास, तुला हे सांगायला नको. त्यांनी कॉफी संपवली, उठले आणि तुला फोन लावला. मी जिवंत असेपर्यंत आणि नंतरही तू त्या रंगमंचावर वाजवायचं नाहीस, असं म्हणाले. तू पलीकडून सांगत होतास की मी गेलो नाही, कुणाशी बोललो नाही. ते मला इथे सिंकपाशी ऐकू येत होतं. आणि मग ते म्हणाले, "तुझ्या आईनेही नाकारलं नाही."

त्यानंतर तू बोलायचा थांबलास. मला तेव्हाच कळलं होतं की तू बाबांच्या बोलण्याने थांबला नाहीस.

मी फोन हातातून घ्यायला हवा होता. चार पावलांचं अंतर होतं. पुढची साडेतीन वर्षं ते अंतर रोज तेवढंच होतं.

एकदा मी त्यांना सांगितलं. शेवटच्या फेब्रुवारीत, इस्पितळात. तोवर त्यांचा डावा कान पुरता गेला होता. मी डावीकडे खुर्ची घेऊन बसले आणि सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. ते छताकडे बघत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "हो, लाव खिडकी." मी उठून खिडकी लावली. ती बंदच होती, पण कडी नीट बसवली.

खोलीत उजवीकडेही एक खुर्ची होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

अंत्यविधीला तू आलास, मागे उभा राहिलास, शवपेटीवर फुलं ठेवलीस आणि नंतरच्या कॉफीला न थांबता स्टेशनवर गेलास. नातेवाईकांत कुजबुज झाली. मी सगळ्यांना पाव वाढत होते. आत्या मोठ्याने म्हणाली, ज्याने बापाचं काम घालवलं त्याच्या घशाखाली पाव कसा उतरेल. तेव्हाही माझ्या हातात किटली होती.

काल संध्याकाळी आत्याकडे जाऊन तिला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सहा वर्षं त्या पोराला शिव्या घातल्या मी. त्या आता परत कशा घेऊ? आणि तुला घालायच्या तर माझ्यात तेवढा दम उरलेला नाही." मग दार उघडून उभी राहिली, म्हणजे मी निघावं. इथून पुढे कबरीवर मी एकटी जाईन असं दिसतं. मारितबाईंनाही आज फोन केला. त्यांना काही नवं सांगण्यासारखं नव्हतं, फक्त एवढंच की त्या माझं नाव झाकत होत्या तेव्हा आळ तुझ्यावर आला होता. त्या म्हणाल्या, मला कल्पना नव्हती. कशी असणार. तू त्यांना काही बोलला नाहीस, बाबा बोलले नाहीत, मी तर नाहीच. तू तेव्हा त्यांना एक पत्र टाकून त्यांच्याकडून माझं नाव वदवून घेऊ शकला असतास. का नाही टाकलंस? मला एक शंका आहे, की तुला कुठेतरी अंदाज होता आणि तू आईला वाचवलंस. तसं असेल तर ते माझ्यासाठी सगळ्यात जड आहे.

आता फेब्रुवारीचं. बाबांनी घातलेली बंदी खोट्यावर उभी होती आणि ते खोटं माझं होतं. ती पाळायला तू बांधलेला नाहीस. माझ्यासाठी ये असं मी म्हणत नाही, तो हक्क माझा राहिलेला नाही. तुला त्या हॉलमध्ये वाजवायचं असलं तर वाजव. मी तिथे नसावं असं वाटत असेल तर तसं लिही, मी त्या संध्याकाळी घरीच राहीन आणि कुणाला कारण सांगणार नाही. यायचंच नसेल तर तसं लिही. फक्त या वेळी गप्प राहू नकोस. 'नाही' लिहायचं असलं तरी चालेल, पण ते शब्दात लिही, कागदावर, म्हणजे मला त्याचा दुसरा अर्थ काढता येणार नाही.

चारची टपालगाडी गाठायची आहे. या पत्रात खाडाखोड झाली आहे, ती तशीच ठेवते. पुन्हा लिहायला बसले तर सुधारून लिहीन.

विब्केला आणि मुलींना जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं सांग.

तू ते केलं नाहीस हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेली,
तुझी आई