घड्याळखोलीची किल्ली

८ मार्च, शुक्रवार

गेली! मशिदीच्या घड्याळखोलीची किल्ली इमामांनी सगळ्यांदेखत त्या इरहाम मास्तरच्या हातात ठेवली. "दाएंग सांकाला, तुम्ही आता जरा आराम करा."

आराम! वादळात टॉवर पडल्यापासून बेटावर ना फोन ना इंटरनेट. दिवसा वीज नाही, तेव्हा मशिदीचा भोंगा वाजवणाऱ्या कॉम्प्युटरचं घड्याळ आतल्या सेलवर रडतखडत चालतं आणि मागे पडतं. रोज संध्याकाळी मकासर रेडिओचे टूं-टूं ऐकून, शेवटच्या टूंला बटण दाबून त्याला वेळेवर कोण आणायचं? मी! म्हणून भोंगा वेळेवर व्हायचा, आणि रमजानात गाव त्यावरच रोजा सोडायचं.

मास्तर म्हणे, रेडिओ कशाला? घड्याळ दिवसाला किती मागे पडतं ते त्याने मोजलं, आणि रोज तेवढं आपोआप पुढे सरकायला कॉम्प्युटरलाच शिकवलं. लोकांनी तोंडात बोटं घातली. माझ्या बोटाचं मात्र कधी कुणाला कौतुक नाही.

९ मार्च

आमच्या हिने, कमारियाने, त्याला केळ्याचं गोड बारोंगको नेऊन दिलं. "एकटा आहे हो बिचारा." केळी मी आणलेली!

११ मार्च, सोमवार

उद्यापासून रोजे. मास्तरने ऐटीत कॉम्प्युटरचा सेल बदलला. "जुना मरायला टेकला होता, म्हणून मागे पडायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, काय करणार.

१५ मार्च

सहज रेडिओ लावला. सवय जात नाही. टूं झाला— आणि मशिदीबाहेरच्या, त्याच कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटीवरची वेळ पुढे! दुसऱ्यांदा ऐकलं. पुढेच!

मग डोक्यात उजेड पडला. नव्या सेलवर घड्याळ मागे पडतच नाही, पण मास्तरची शिकवण त्याला रोज ढकलतेच आहे! ती काढायला विसरला शहाणा! मी एवढा हसलो की कमारिया चुलीपासून उठून आली. काही नाही म्हटलं.

सांगावं का? मी का सांगू? किल्ली कुणाकडे आहे?

१९ मार्च

आणखी पुढे. गावामागे डोंगर, सूर्य बुडताना इथून दिसत नाही, आणि घराघरातली घड्याळं मशिदीवरूनच लावलेली. कुणाला पत्ता नाही. भोंगा झाला की मी खजूर हातात धरून बसतो, रेडिओप्रमाणे खरी वेळ झाली की तोंडात टाकतो. माझा रोजा तरी शाबूत!

वाटेत मास्तर भेटला. "दाएंग, तुमचं ते रेडिओचं मला शिकवा ना." गोडबोल्या! रेडिओ बिघडलाय म्हटलं.

२२ मार्च, शुक्रवार

फुटलं! पश्चिमेकडून होडी आली आणि तांडेल तसाच ओल्या पायांनी मशिदीच्या पायरीवर. "सूर्य अजून पाण्यावर होता आणि तुमचा भोंगा झाला! काय चाललंय काय?"

इमाम पांढरेफटक पडले. किती दिवसांचे रोजे वाया गेले कोण जाणे! ईदनंतर सगळ्या गावाने पुन्हा धरायचे. बायका रडायलाच लागल्या. मास्तरने सबब सांगितली नाही. "चूक माझी," एवढंच, आणि किल्ली काढून इमामांपुढे ठेवली. इमामांनी ती मला दिली.

पोटभर आनंद व्हायला हवा होता. वाटेत झालाही.

घरी कमारिया चटईवर बसली होती. "म्हणून तुम्ही खजूर हातात धरून बसायचात," म्हणाली. "मी समोर बसून खात होते, दाएंग."



२३ मार्च

आज भोंगा माझ्या हातचा. रेडिओच्या शेवटच्या टूंला घड्याळ लावलं, मग भोंगा अगदी सेकंदावर. धावतच घरी आलो. कमारियाने डोक्यावर ओढणी घेतली, भरला पेला तसाच ठेवला, आणि खरंच वेळ झाली का, ते मास्तरला विचारायला गेली.