दुसरा नमुना

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, ग्लायकॉल कारखान्याच्या प्रयोगशाळेतली एके काळची तपासनीस, आज दुपारी जेवणखाण उरकून, डोकं ठिकाणावर असताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. मला कोणी फूस लावलेली नाही, धमकावलेलं नाही. मला धमकावणं किती जड जातं ते पुढे येईलच. यापूर्वी सगळं मुलाच्या नावे केलं होतं, ते मृत्युपत्र मी रद्द करते.

१. माझं राहतं घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, हे माझ्या स्वकष्टाचं आहे, वडिलोपार्जित नाही. ते माझ्या पश्चात संपूर्ण मालकीहक्काने माझ्या सुनेला मिळावं. माझ्या मुलाचा त्यावर कोणताही हक्क वा हितसंबंध राहणार नाही. पोटच्या पोराला डावलून परक्याच्या लेकीला घर दिलं असं लोक म्हणतील. म्हणोत बापडे. पण कारण सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

आमच्या कारखान्यात मिथेनॉलपासून ग्लायकॉल व्हायचं. तेच, जे गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात आणि ज्यातून पॉलिस्टरचा धागा निघतो. मधल्या टप्प्यावर मिथाइल नायट्राइट नावाचा वायू तयार होतो. तो नसेल तर पुढचं काहीच होत नाही, आणि तो प्रमाणाबाहेर गेला तर बॉम्बच. आमच्याकडे मर्यादा होती शंभरात पंधरा. दर दोन तासांनी नमुना तपासून आकडा कळवणं हे माझं काम.

त्या दिवशी सकाळी अकराला आकडा आला एकोणीस. मी व्यवस्थापकाला फोन लावला. त्याला पाठीमागे सगळे ‘टक्केसाहेब’ म्हणत, कारण उत्पादन किती टक्के वाढलं याखेरीज त्याला दुसरा विषय नसे.

“साहेब, एकोणीस आलाय. ऑक्सिजन तोडा, प्लांट बंद करा.”

“बाई, तुमचं मशीन चुकतंय. दुसरा नमुना घ्या, मग बोलू.”

नमुना आणायची पाळी माझ्या यजमानांची होती. ते दारातच उभे होते. मी नमुन्याची स्टीलची बाटली त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, “अहो, पटकन घेऊन या.” ते म्हणाले, “हा गेलो नि हा आलो.” आकडा माझ्यासमोर होता. मशीन चुकत नाही हे मला ठाऊक होतं. ‘जाऊ नका’ म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. हे आजवर मी कोणाजवळ बोललेले नाही.

अकरा वीसला तो वायू जिथे तयार होई तो मनोरा फुटला. आवाज नंतर आला, आधी खिडकी अंगावर आली. पाठीत आणि मानेत काचा घुसल्या. त्यातल्या दोन अजून आत आहेत, थंडीत टोचतात. बाहेर आले तर बोटभर जाडीचं लोखंड कागदासारखं फाटलेलं, आणि जळत्या मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसतसुद्धा नव्हती. एक माणूस नुसता हात झटकत पळत आला आणि माझ्यासमोर कोसळला. यजमान ओळखू आले ते बुटावरून. एकाच. बाकीचे पोत्यातून आणले. पोतं मला उचलू दिलं नाही, किती हलकं आहे ते कळू नये म्हणून.

२. माझ्या धाकट्या दिराला माझा वाचायचा चष्मा द्यावा, दुसरं काही नाही. तो त्याच पाळीवर कामाला होता. ‘दादाने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला म्हणून स्फोट झाला’ अशा जबाबावर त्याने सही केली. मी विचारलं, “भाऊजी, सख्ख्या भावाबद्दल असं कसं लिहून दिलंत?” तर म्हणाला, “वहिनी, मी वाचलंच नाही. सही करा म्हणाले, केली.” दोन महिन्यांत तो फोरमन झाला. चष्मा चांगल्या नंबरचा आहे.

चौकशीच्या दिवशी टक्केसाहेब उठून शांतपणे म्हणाला, “मृत कामगाराचा निष्काळजीपणा.” टेबलावर पुरावा म्हणून नमुन्याची तशीच एक बाटली ठेवली होती. मी ती उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. जबडा मोडल्याचं ऐकू आलं. त्याने हात वर केला, म्हणून हातावर. खाली पडला, तेव्हा गुडघ्यावर. चौघांनी मला ओढून काढेपर्यंत सात घाव घातले. खटल्यात माझा वकील म्हणाला, पश्चात्ताप झाला एवढं म्हणा, सुटाल. म्हटलं नाही. साडेतीन वर्षं आत काढली.

३. यजमानांचा पान्यांचा संच कोपऱ्यावरच्या पंक्चरवालीला द्यावा. तिने तीनदा मागितला आणि एकदाही फुकट मागितला नाही. सोळा नंबरचा पाना गंजलाय, तिला आधीच सांगावं.

४. आता मुलाबद्दल. मी आत गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता. तो दिराच्या घरी वाढला. मी सुटले त्या दिवशी तुरुंगाच्या दाराशी येऊन बिलगला आणि म्हणाला, “आई, तू साहेबाचा जबडा फोडलास ना! शाळेत सगळे मला टरकून असतात.” मी हसले. त्याला उराशी धरून, कौतुकाने हसले. टक्केसाहेब पुढे आजाराने मेला. त्याच्यावरच्या सात घावांचं मला आजही काही वाटत नाही. त्या हसण्याचं वाटतं.

पोर मोठं झालं तसं आधी ताटं फुटली, मग दाराच्या फळ्या. मग लग्न झालं. मागच्या फेब्रुवारीत शर्टाचं बटण लावायचं राहिलं म्हणून त्याने स्टीलचा डबा सुनेच्या खांद्यावर मारला. मानेखालचं हाड मोडलं. मी मध्ये पडले, दुसरा फटका माझ्या हातावर बसला. मी ओरडले तर म्हणाला, “माझ्याकडे काय बघतेस? तूच शिकवलंस. संतापलं की हाताला येईल ते उचलायचं.”

घर देणं हे त्याला उत्तर नव्हे, पण तिला आतून कडी लावता येईल असं एक दार मी देऊ शकते.

५. बँकेतली ठेव मुलाला द्यावी, म्हणजे दुसरीकडे खोली घेता येईल आणि ‘जाऊ कुठे’ म्हणायची सोय उरणार नाही. माझं नमुन्यांचं रजिस्टरही त्यालाच द्यावं. ते मी स्फोटाच्या दिवशीच घरी आणलं होतं, चौकशीत कोणी बघायला मागितलं नाही. त्यात त्या दिवशीचा आकडा आहे, वेळ आहे, माझी सही आहे. त्याचा बाप चुकला नव्हता हे त्याने माझ्या तोंडून न ऐकता स्वतः वाचावं.

६. अंमलबजावणीचं काम समोरच्या नर्सबाईंनी करावं. त्यांनी होकार दिला आहे.

७. याचा कच्चा खर्डा मी आज सकाळी मुलाला आणि सुनेला वाचून दाखवला. पहिल्याच कलमाला मुलाने खुर्ची भिंतीवर घातली. आरशाच्या काचा माझ्या पायावर आल्या. त्याने माझ्यावर हात उगारला. मी डोळे मिटले नाहीत. सून आमच्या मध्ये आली आणि आजवर कधी न बोललेल्या आवाजात म्हणाली, “आता मारलंस तर मी खाली जाऊन सगळ्यांना बोलावीन.” तो म्हणाला, “दोघी मेलात मला,” आणि जिना उतरून गेला. दुपार टळली, आलेला नाही.

सुनेने काचा झाडून काढल्या, माझा पाय धुतला, फडकं बांधलं, डॉक्टरांना बोलावणं धाडलं. मग हा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाली, “आई, सही करा. तारीख नीट घाला.”

मी करते आहे.

ठिकाण: राहतं घर, दुसरा मजला
दिनांक: १४ नोव्हेंबर, सोमवार, दुपारी चार
सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला, डॉक्टर: बाई पूर्ण शुद्धीत आहेत. डाव्या पायाला दोन टाके घातले. सही.

साक्षीदार दुसरा, तळमजल्यावरचा शिंपी: सही माझ्यासमोर झाली. तारीख बाईंनी स्वतः घातली. सही.